टिळकनगरचा मद्यार्क कारखाना व त्याची जमीन

प्रवरेच्या कालव्याखालील बागाइतदारास टिळकनगरचे नाव अपरिचित नाही. तथापि त्या एका नावाखाली नांदलेली जमीन, साखर व मद्यार्क ही पुढे निरनिराळ्या हाती कशी गेली, हे उकलून पाहणारे थोडेच. ते येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व कालव्याखाली ऊस वाढला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले, आणि १९३३ साली महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी आजच्या श्रीरामपूर तालुक्यात 'महाराष्ट्र शुगर मिल्स' ही कंपनी काढली. या भागातील साखर कंपन्यांनी उसासाठी जे विस्तीर्ण मळे धरले, त्यांत पुष्कळ जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती.

शंभर टन ऊस गाळला म्हणजे सुमारे चार टन मळी निघते. ती पातळ करून आंबवावी व तिचा अर्क उतरवावा, म्हणजे टनामागे सव्वादोनशे लिटरांच्या आसपास मद्यार्क मिळतो. खरी ब्रँडी द्राक्षरसाची. आपल्याकडील पुष्कळ ब्रँडीत मात्र मळीच्या मद्यार्काचा भाग मोठा असतो. पिणाऱ्यास हे ठाऊक नसले तरी पिकविणाऱ्यास असावे.

आता जमिनीकडे वळू. कूळकायद्यातील जमीन विकत घेण्याचा कुळाचा हक्क उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनीस लागू नव्हता; म्हणून कंपनी कूळ असूनही मालक झाली नाही. खातेदार निश्चिंत राहिला. परंतु १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने धारणा मोजताना मालकीची व कुळाची, दोन्ही जमीन जमेस धरली. कंपनीची धारणा मर्यादेबाहेर गेली आणि खंडकऱ्याची जमीन त्याचा काही अपराध नसता सरकारजमा झाली! कारखान्यांस ऊस अखंड मिळावा म्हणून अशा जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांचा लढा कित्येक दशके चालला. कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्यक्ष वाटप २०१२ साली सुरू झाले. खंडपत्रावर आजोबांची सही, जमिनीचा ताबा नातवाच्या हाती, असे प्रकार त्यामुळेच घडले. आमच्या मते खंडपत्र लिहून देणाऱ्याने मुदत व खंड यांच्याइतकाच, घेणाऱ्याची एकूण धारणा किती, हा प्रश्न विचारावयास हवा.

कंपनीचे पुढे काय झाले? साखर थांबली, मद्य राहिले. १९९३ साली तिने 'टिळकनगर इंडस्ट्रीज' हे नाव घेतले. त्याच साली केंद्र सरकारने मळीवरील नियंत्रण उठविले. तिची 'मॅन्शन हाऊस' ब्रँडी दक्षिणेत विशेष खपते. २०२५ साली तिने पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून 'इंपीरियल ब्लू' ही व्हिस्की सुमारे ४,१५० कोटी रुपयांस घेण्याचा करार केला.

याच जिल्ह्यात लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केले. तेथे ऊस सभासदाचा, जमीन त्याच्याच सातबारावर, आणि मळी संस्थेच्या जमाखर्चात.