शत्रू आणि प्रतिवादी

न्यायालयाच्या तारखेस निघालेला गृहस्थ समोरच्या पक्षास सर्रास 'आमचा शत्रू' म्हणतो. हा शब्दप्रयोग आम्हांस मान्य नाही. का, ते पाहू.

उल्हासनगरास कित्येक जण अद्यापि 'कॅम्प' म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धात तेथे सैन्याची छावणी होती. शत्रू कोण, हे सैनिक ठरवीत नाही. ते राज्यसत्ता ठरविते, आणि शत्रूचे म्हणणे ऐकणे हे सैनिकाचे काम नव्हे. पुढे १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधमधील निर्वासित राहू लागले. आता कल्पना करा, की अशा दोन बिऱ्हाडांत भिंतीवरून तंटा होऊन दावा कल्याणच्या न्यायालयात गेला. दावा लावणारा तो वादी, ज्यावर लावला तो प्रतिवादी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे प्रतिवादीस समन्स पोहोचले पाहिजे व लेखी जबाबासाठी तीस दिवसांची मुदत मिळाली पाहिजे. समन्स रीतसर न बजावता झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो. म्हणजे वादी कितीही खरा असो, प्रतिवादीस बोलण्याची संधी दिल्यावाचून त्याचा निकाल पक्का होत नाही!

परंतु खराखुरा शत्रूच न्यायालयात उभा राहिला तर? बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथून सुटणाऱ्या कित्येक गाड्या ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसात जाऊन थांबतात, तेथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी प्रवाशांवर गोळीबार केला. मुंबईतील त्या हल्ल्यात एकंदर १६६ माणसे प्राणास मुकली. जिवंत सापडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र घेण्यास अनेक वकील तयार होईनात. लोकांचा संताप अनावर होता, आणि तो स्वाभाविकच होता. तरी न्यायालयाने त्यास सरकारी खर्चाने वकील दिला, कारण रस्त्यावरचा शत्रू आरोपीच्या पिंजऱ्यात येताच आरोपी ठरतो.

त्याच खटल्यात हल्लेखोरांस नकाशे पुरविल्याचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपीही होते. मृत दहशतवाद्याच्या रक्ताने भिजलेल्या विजारीच्या खिशात सापडला म्हणून जो नकाशा पुराव्यास दाखविला, त्यावर रक्ताचा डाग नव्हता. ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरविले व या दोघांस निर्दोष सोडले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, आणि त्या दोघांची सुटकाही.