पाचवी तार

१९५१ साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या बेस गिटारला चार तारा होत्या. खर्जाकडून त्या ई, ए, डी व जी या स्वरांत मिळवल्या जात. आजही हीच रचना रूढ आहे. पाचतारी वाद्यात ईच्या खाली बहुधा बी स्वराची जाड तार येते. ईची कंपने सेकंदाला सुमारे ४१, तर बीची सुमारे ३१ असतात. नवे स्वर लाभतात ते केवळ पाच. मात्र हात फारसा न सरकवता अधिक स्वर आवाक्यात येतात.

या लाभाची किंमत हाताला मोजावी लागते. दांडी रुंद होते, तारा बहुधा अधिक जवळ येतात, आणि न छेडलेली जाड तारही घुमू लागते. ती अंगठ्याने थोपवून धरण्याची सवय नव्याने जडवावी लागते. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले अंदाज काही काळ चुकतात.

म्हणून वादकाने प्रथम आपली नित्याची गीते तपासावीत. खालचा डी क्वचितच लागत असेल, तर ईची तार तेवढी उतरवून काम भागते. गायकाच्या सोयीने पट्टी बदलून आधारस्वर वारंवार ईच्या खाली जात असेल, तर मात्र पाचवी तार घेणे सार्थ ठरते.