मूक जनुक आणि त्याचे पहारेकरी

१७४२ साली स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर लिनॅरिया या रानटी वनस्पतीचे एक विलक्षण रोप सापडले. लिनॅरियाचे फूल सामान्यतः दोन ओठांचे असून त्याला शेपटीसारखी एकच नळी असते. या रोपाची फुले मात्र सर्व बाजूंनी सारखी होती आणि प्रत्येकास पाच नळ्या होत्या. लिनीअस यांनी १७४४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘पेलोरिया’, म्हणजे अक्राळविक्राळ, असे नाव दिले. जातींचे रूप कायमचे ठरलेले असते, या समजुतीला या लहानशा फुलाने धक्का दिला.

याचा उलगडा १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. फुलाची ठेवण ठरविणाऱ्या जनुकाच्या अक्षरक्रमात हा बदल घडवील असा कोणताही फरक नव्हता. मात्र त्यातील सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट दाटीने जडलेले होते. त्यामुळे जनुक शाबूत असूनही मूक झाले होते.

हे गट जडविण्याचे काम प्रथिने करतात. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीत त्यांचा सखोल अभ्यास झाला आहे. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएची प्रत तयार होते, तेव्हा जुन्या धाग्यावर खुणा असतात, पण नवा धागा कोरा असतो. एमईटी-१ हे प्रथिन जुन्या धाग्यावरून त्या खुणा नव्यावर उतरविते. सर्वस्वी नवी खूण करणे हे डीआरएम-२ चे काम होय. त्याला जागा दाखवितात ते २४ अक्षरांचे लघु आरएनए, आणि हे आरएनए कोठे निर्माण व्हावेत हे ‘क्लासी’ नावाची चार प्रथिने ठरवितात.

खुणा काढणारी प्रथिनेही आहेत. आरओएस-१ हे प्रथिन नुसता मिथिल गट पुसत नाही. ते खुणेसह ते अक्षरच कापून टाकते व रिकाम्या जागी पेशी कोरे सायटोसिन बसविते. विशेष म्हणजे, आरओएस-१ चे स्वतःचे जनुक त्याच्याजवळच्या खुणांमुळे मूक न होता उलट जागे होते. खुणा घटल्या की हे प्रथिनही घटते आणि तोल सावरला जातो.

सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक खुणा दर पिढीत पुसल्या जातात. वनस्पतींत मात्र अनेक खुणा बीजातून पुढच्या पिढीत जातात. म्हणूनच पेलोरियाचे रूप वारशाने टिकते. आणि क्वचित एखाद्या रोपावर खुणा विरल झाल्या, तर त्याच रोपावर पुन्हा जुन्या वळणाची फुले उमलतात.