काटेपूर्णा अभयारण्य : चौशिंग्याची पाण्याकडील वाट

वाशीम जिल्ह्याची भूमी ही पाणी विभागणारी भूमी आहे. जिल्ह्याच्या दक्षिण उतारावर पडणारा पाऊस पैनगंगेला मिळतो आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जातो. उत्तरेकडील डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र अकोला जिल्ह्यात उतरून पूर्णेला मिळते व तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास पोहोचते. या उत्तरवाहिनी नदीच्या काठी, अकोला व वाशीम या दोन जिल्ह्यांत मिळून ७३.६९ चौरस किलोमीटर क्षेत्रावर काटेपूर्णा अभयारण्य पसरलेले आहे. १९८८ साली अभयारण्य घोषित झाले त्या वेळी वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. १ जुलै १९९८ रोजी नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि एकच वन दोन जिल्ह्यांचे झाले.

अभयारण्याला लागूनच महान येथील काटेपूर्णा धरणाचा जलाशय आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर असून अकोला शहराचा पाणीपुरवठा त्यावर अवलंबून आहे. उतारावरील झाडी माती धरून ठेवते, म्हणून जलाशयात कमी गाळ येतो. अकोल्यातील नळाचे पाणी आणि या डोंगरावरील साग-सालई यांचा संबंध विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष दाखविता येतो.

वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. उतारावर साग, सालई, धावडा, तेंदू, मोह. ओढ्यांच्या काठी अर्जुन. पावसाळ्यानंतर हिरवेगार दिसणारे हेच रान फाल्गुन-चैत्रात उघडे पडते. बिबट, तडस, भेकर, रोही, रानडुक्कर, ससा, मोर यांचा येथे वावर आहे. तथापि वाघ पाहण्याच्या अपेक्षेने येणारा पर्यटक बहुधा निराश होऊन परततो. दोष अभयारण्याचा नसून अपेक्षेचा आहे, कारण येथील वैशिष्ट्य वेगळेच आहे.

ते वैशिष्ट्य म्हणजे चौशिंगा. हा प्राणी भारत व नेपाळ या दोनच देशांत आढळतो. चार शिंगे असणारा हा एकमेव वन्य कुरंग होय. शिंगे फक्त नरास असतात. मागची जोडी लांब, पुढची इतकी आखूड की काही नरांत ती दोन उंचवट्यांसारखीच भासते. खांद्यापाशी उंची सुमारे ६० सेंटिमीटर व वजन साधारण २० किलो, म्हणजे एखाद्या शेळीएवढाच हा जीव. कळप करून राहणे त्याच्या स्वभावात नाही. तो एकटा किंवा जोडीने वावरतो. याच जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यात, १८.३२ चौरस किलोमीटरच्या माळरानावर, काळवीट उघड्यावर चरते आणि संकट येताच वेगाने धावून सुटका करून घेते. चौशिंगा याच्या उलट वागतो. तो उंच गवतात स्तब्ध उभा राहतो आणि अगदीच जवळ गेल्यावर उसळून पळतो. त्याचे रक्षण गवताच्या आडोशावर आहे. शिवाय त्याला वारंवार पाणी प्यावे लागते, त्यामुळे तो पाणवठ्यापासून फार दूर जात नाही.

उन्हाळ्यात या दोन्ही गरजा एकदम अडचणीत येतात. जलाशयाचे पाणी मागे सरते, झाडीची कड आणि पाण्याची कड यांमध्ये उघडी जमीन पडते. त्याच काठावर गुरे येतात, त्यांच्यामागे गावातील कुत्री येतात. त्यातच वणव्याने गवत जळाले असेल, तर चौशिंग्याला पाण्यापर्यंतचे अंतर उघड्यावर कापावे लागते. शिकाऱ्याच्या बंदुकीइतकेच हे थोडेसे अंतर त्याच्या जिवावर बेतू शकते.

शिक्षकांनी शालेय सहल आखताना प्राणी दाखविण्याचे आश्वासन देऊ नये. त्यांच्या खुणा वाचावयास शिकवावे. चौशिंगा ठराविक जागीच पुनःपुन्हा लेंड्या टाकतो, म्हणून त्यांचा साचलेला ढीग वाटेवर ओळखता येतो. तडस हाडे चावून खातो, त्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी दिसते. भेकराचा इशाऱ्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो. ओढ्यातील ओल्या वाळूवर सकाळी लवकर पाहिल्यास रात्रीची सारी वर्दळ उमटलेली आढळते. पाच-सात विद्यार्थ्यांचा गट, मळकट रंगाचे कपडे आणि मौन एवढी तयारी पुरेशी आहे. चाळीस मुले ध्वनिक्षेपकासह नेल्यास मोरसुद्धा दिसणार नाही. हिवाळ्याचे महिने यासाठी सोयीचे. त्या काळात जलाशयावर स्थलांतरित बदकेही उतरतात.

प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, संशोधन व पर्यटन यांसाठी ती दिली जाते.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने याच अधिनियमातील आणखी काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांची माहिती गावपातळीवर फारशी पोहोचलेली दिसत नाही. कलम ३३-अ प्रमाणे अभयारण्यात व त्याच्या सभोवती ५ किलोमीटरच्या आत असलेल्या गुरांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था करावयाची असते. गुरे आणि हरणे एकाच काठावर पाणी पितात, हे त्यामागील साधे कारण. यात गावाच्या पशुधनाचाही लाभ आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३-ब मध्ये अभयारण्याच्या व्यवस्थापनाबाबत सल्लागार समितीची तरतूद असून तीत पंचायत राज संस्थांच्या ३ प्रतिनिधींना स्थान आहे. चराईची अडचण, पाणवठ्याची जागा, पिकांची नासाडी हे विषय मांडण्याचे ते अधिकृत स्थान होय. कलम २७ ने अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तींवर, माहीत झालेली आग विझविण्याचे कर्तव्यही सोपविले आहे.

आगीचा प्रश्न मोहाशी निगडित आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची प्रथा विदर्भात अनेक ठिकाणी आहे. ती आग झाडाखालीच थांबत नाही. मोहाची गळलेली फुले हरणांचेही खाद्य असल्याने नुकसान दुहेरी होते. पाचोळा खराट्याने झाडून बाजूस सारला, अथवा झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली, तर फुलेही स्वच्छ मिळतात. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. काठावरील गावांनी जानेवारीतच ग्रामसभेत हा विषय घेऊन मोह वेचणाऱ्या कुटुंबांशी, विशेषतः स्त्रियांशी, बोलणे करावे. फुले वेचण्याचे काम बहुतांशी त्याच करतात, आणि कोणत्या झाडाखाली दरवर्षी आग लागते हेही त्यांनाच ठाऊक असते.