आधी कागद, मग टिकल्या

अगं, परवा फोनवर तू सामानाची यादी वाचून दाखवत होतीस, तेव्हा मी मुद्दामच मधे बोलले नाही. वॉशी टेपचे रोल, पीईटी टेप, इनॅमल डॉट, मेणाचे सील, व्हेलम, शेकरच्या खिडक्या, जंक जर्नलची पाकिटं आणि वरून लेझरनं कापलेली एमडीएफची नावं. ऑर्डर एका लग्नाच्या अल्बमची आणि यादी अख्ख्या दुकानाची! तेव्हा तुझा हिरमोड करावासा वाटला नाही. आज निवांत आहे, तर स्पष्टच सांगते. यातलं निम्मं घेऊच नकोस, आणि उरलेलं निम्मं फोटो हातात पडेपर्यंत घेऊ नकोस.

काहून म्हणशील. सामान आधी आलं की मग फोटो त्या सामानात बसवावे लागतात. गुलाबी फुलांचा पॅड घेतलेला असतो आणि नवरीचा शालू निघतो मोरपंखी. मग पैसे वाया जाऊ नयेत म्हणून फुलं चिकटवायची, ती जास्त दिसतात म्हणून वर सोनेरी काही लावायचं, आणि शेवटी पानावर फोटो कुठे आहे तो शोधत बसायचं. आधी सगळे फोटो गादीवर पसर. कोणते एका पानावर जातील, कुठे नुसतं नाव-तारीख पुरेल, ते ठरव. मग बघ, यादी आपोआप आखूड होते.

हा छंद आज ज्या रूपात आपल्याकडे आलाय ना, त्याची सुरुवातसुद्धा टिकल्यांनी झाली नव्हती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॅरिएलेन क्रिस्टनसेन या बाईंनी आपल्या कुटुंबाचे फोटो, नावं, तारखा, कागदपत्रं नीट लावून पन्नासावर वह्या केल्या होत्या. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीला वंशावळी आणि नोंदींची जागतिक परिषद भरली, तिथे त्या मांडल्या आणि लोक तुटून पडले. बारा इंची कागद, स्टिकर, पंचिंग मशीन ही बाजारपेठ त्याच्यानंतरची. मूळ गोष्ट होती कोण कुणाचं आणि कधीचं, हे टिकवायची.

तर टिकण्याबद्दल. पहिला खर्च कागदावर कर. पानांसाठी २५० ते ३०० जीएसएमचा कार्डस्टॉक घे. वरचे छापील नक्षीचे कागद १२० जीएसएमचे असले तरी चालतात, त्यांना भार पेलायचा नसतो. पाकिटावर ‘ॲसिड-फ्री’ आणि ‘लिग्निन-फ्री’ हे दोन्ही शब्द आहेत का ते वाच. वर्तमानपत्र उन्हात राहिलं की पिवळं पडतं, ते त्यातल्या लिग्निनमुळे. आईच्या कपाटातले ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम आठवतात? फोटो आता निघतही नाहीत आणि कडा तपकिरी झाल्यात. सध्या तपकिरी क्राफ्ट पेपरची फार चलती आहे. दिसतो छान, पण त्याच्यावर थेट फोटो लावू नकोस. मधे पांढऱ्या चांगल्या कागदाची चौकट टाक. चौकटीनं फोटो उठूनही दिसतो.

आणि हातकागद. तू जो ‘बोटॅनिकल’ म्हणून शोधून राहिली आहेस, वाळलेल्या पाकळ्या घातलेला, तो बराचसा जयपूरजवळच्या सांगानेरचा असतो. तिथल्या कागदी लोकांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तिथेच राष्ट्रीय हातकागद संस्था आहे आणि तिला नाव आहे कुमारप्पांचं. हे कुमारप्पा म्हणजे आपल्या शेजारच्या वर्ध्याच्या मगनवाडीत बसून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा. १९३४ साली गांधीजींनी तो संघ काढला, त्याच्या कामात हातकागदही होता. मगन संग्रहालय १९३८ चं. कधी सेवाग्रामला गेलीस तर वाट वाकडी करून बघून ये. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद लाकडाच्या लगद्यापेक्षा मुळातच टिकाऊ, शिवाय त्याची न कापलेली फाटकी कड हीच एक सजावट असते. पाकळ्या घातलेला मात्र फोटोखाली नको. पाकळीचा डाग उतरतो.

आता वॉशी टेप. जपानमधल्या कामोई नावाच्या कंपनीनं ती या रूपात आणली, २००८ मध्ये, ‘एमटी’ नावानं. ही कंपनी १९२३ साली निघाली ती माशा पकडायचा चिकट कागद बनवायला! मग रंगाऱ्यांची मास्किंग टेप, आणि त्या टेपच्या प्रेमात पडलेल्या काही बायकांनी कारखाना बघायला मागितला, रंग मागितले, तिथून हे सुरू झालं. सांगायचं कारण असं की ही टेप जन्मानं मास्किंग टेप आहे. ती चिकटावी आणि न फाडता निघावी, एवढ्याचसाठी तिचा गोंद हलका ठेवलेला असतो. तिच्यावर फोटोचा भार टाकायचा नाही. फोटो खालून पक्का लावायचा आणि टेप वरून शोभेला. स्वस्तातले बेनामी रोल तर एका उन्हाळ्यात कडेनं वळतात. नवीन आलेली पीईटी टेप पारदर्शक असते, मागचा कागद सोलून लावायची, तिच्यावरची फुलं जणू पानावरच छापल्यासारखी दिसतात. ती मला आवडते. पण एकदा बसली की बसली. काढायला गेलीस तर कागदाची साल घेऊन येते.

हे सगळं सामान बनवणाऱ्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नाही, हे लक्षात ठेव. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तसला दिवस रोज येत नाही, पण पंचेचाळीस तर आपल्याला नवीन नाही. हॉट ग्लूनं लावलेली फुलं घरात टिकतात, आणि लग्नाच्या हॉलबाहेर उन्हात उभ्या बंद गाडीत तासभर राहिली की हातात येतात. मेणाच्या सीलचं तेच. ग्लू गनमध्ये वितळवायच्या कांड्यांचं ते मेण गरम गाडीत नरमतं आणि वरच्या पानाला चिकटून बसतं. सील लावायचंच तर मुखपृष्ठावरच्या पाकिटाला लाव, आत नको. स्वस्त डबल टेपचा गोंद कडेनं पाझरतो आणि धूळ धरतो.

त्यातून आपल्या घरी कूलर. बाहेर कोरडं ठणठणीत आणि कूलरच्या खोलीत ओलसर वारा. सकाळी सपाट असलेलं पान दुपारी पापडासारखं वळतं. व्हेलमला तर ओल अजिबात चालत नाही. कापायचं-चिकटवायचं काम कूलर नसलेल्या खोलीत, सकाळी लवकर उरकायचं. तयार पानं दोन पाटांमध्ये, वर जाडजूड पुस्तकं ठेवून दाबायची. पांढरा फेव्हिकॉल पाण्यातला असतो, पातळ कागदावर त्याच्या लाटा उठतात. तो पुठ्ठ्याला ठेव. पातळ कागदाला ग्लू स्टिक किंवा चांगली डबल टेप. आणि जे काही नवीन विकत घेशील त्याचा एकेक तुकडा एका पुठ्ठ्यावर लावून, खाली नाव लिहून, गच्चीवरच्या खोलीत टाकून दे. मे संपेपर्यंत जे टिकलं तेच ऑर्डरला वापरायचं.

व्हेलमचं एक गुपित सांगते. तो पारदर्शक असल्यामुळे खालचा गोंद दिसतो आणि सगळी मजा जाते. म्हणून गोंदाचा ठिपका तिथेच द्यायचा जिथे वर फूल किंवा नावाची पट्टी येणार आहे. नाहीतर गोंदच नको, वरच्या दोन कोपऱ्यांत पितळी ब्रॅड टोचायचे आणि मागून पाय पसरायचे. लग्नाच्या विधींची नावं व्हेलमवर छापून खाली फोटो ठेवलास तर पान उलटताना फोटो हळूच उघडा होतो. त्याला वेगळी टिकली लागत नाही.

सगळ्यात जास्त अल्बम बिघडतात ते पाठीपाशी. पानांवर फोम टेपनं उचललेली फुलं, मोती, एमडीएफची नथ असं सगळं चढतं आणि पाठ तेवढीच राहते. मग अल्बम मिटत नाही, चोच वासल्यासारखा पडून राहतो. पाठ आधी सजावटीच्या जाडीनं मोजायची. दोन पानांमध्ये जेवढी उंची चढणार, तेवढीच मोकळी जागा पाठीत सोडायची. जाड कागदाची पट्टी घ्यायची, तिला हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या फोल्डरनं घड्या पाडायच्या, प्रत्येक घडीचा उभा भाग एका पानाला चिकटवायचा आणि दोन घड्यांमधलं अंतर साधारण एक सेंटिमीटर ठेवायचं. फार चढलेलं पान असेल तर दीड. वरून बाइंडिंगचं कापड. शेकरची खिडकी एका अल्बमला एक पुरे, तीही शेवटच्या पानावर, म्हणजे तिच्यातल्या टिकल्या समोरच्या फोटोवर घासत नाहीत.

आता माझा खरा राग. डोहाळजेवणाच्या अल्बमवर आयफेल टॉवर कशाला गं? चेरीची फुलं, इंग्रजी सुविचार, लंडनच्या लाल बसचे स्टिकर. जंक जर्नल म्हणजे जुन्या कागदांची गंमत, हे मान्य. पण मग आपल्याच घरचे जुने कागद घे की! लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती कापून घे, लेझरनं कोरलेली पत्रिकेची कड घे. इतवारी-गांधीबागेतून गोटा, लेस, शालूच्या काठाचे तुकडे आण. ते वाराच्या हिशेबानं मिळतात आणि आयात केलेल्या लेसच्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. जुन्या टपालातली खरी तिकिटं कोमट पाण्यात भिजवून सोडव. टपाल खात्याची ‘माय स्टॅम्प’ योजना २०११ पासून आहे, त्यात आपल्या फोटोची तिकिटं छापून मिळतात. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत चौकशी कर. नवरा-नवरीच्या फोटोची तिकिटं अल्बममध्येही आणि आमंत्रणाच्या लिफाफ्यावरही. हा ट्रेंड मला एकदम पसंत.

मेट्रोचं तिकीट, एसटीच्या मशीनचं तिकीट, पहिल्यांदा दोघं गेले त्या हॉटेलचं बिल, हे लोक हौसेनं देतात. हा थर्मल कागद. उष्णतेनं काळा पडतो आणि तसाच ठेवला तर अक्षरं उडतात. त्याच्या शेजारी तू एम्बॉसिंग पावडरवर हीट गन फिरवलीस तर डोळ्यांदेखत कोळसा. आधी रंगीत झेरॉक्स काढ, ती चिकटव, मूळ तिकीट मागे पाकिटात. अक्षता मात्र कितीही आग्रह झाला तरी चिकटवायच्या नाहीत. तांदूळ आणि हळद म्हणजे किड्यांना आमंत्रण. कणकेची खळही नको, कसर लागते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्याचसाठी. आणि इन्स्टॅक्सचे छोटे फोटो कोणी दिले तर कडा कापू नकोस, त्याच्या पांढऱ्या चौकटीतच रसायनं असतात. लॅबमधून ‘पोलरॉइड’ म्हणून मिळतात ते साधेच प्रिंट, ते हवे तसे काप.

रुखवताचं विचारलं होतंस. क्विलिंगची नवरा-नवरी, कागदाची सप्तपदी, सजवलेल्या सुपाऱ्या यांना मागणी आहेच. पण रुखवत मांडून झालं की ते सामान कपाटावर जातं. तू सप्तपदीची सात पावलं सपाट कर, अल्बमच्या मापाची. लग्नात टेबलावर मांडायची, नंतर तीच सात घडीची पानं अल्बममध्ये बसवून द्यायची. एका कामाचे दोन पैसे होतात आणि घेणाऱ्यालाही पटतं.

पैशांचं मात्र आधी बोल, बाई. ऑर्डर वहिनीच्या माहेरची आहे, म्हणजे ‘घरचंच आहे नं’ हे येणारच. एक वही कर. त्यात कागद, टेप, छपाई, ऑटोचं भाडं आणि बसलेले तास, सगळं लिही. तास लिहिले नाहीस तर तुझं तुलाच कळणार नाही की तू फुकट राबतेयस. निम्मे पैसे सामान घ्यायच्या आधी. आणि वहिनीचं मन मोडवत नसेल तर सरळ आहेर म्हणून दे, हसून दे, पूर्ण दे. अर्धे पैसे घेऊन अर्ध्या आहेराचं काम करशील तर तू चिडशील आणि त्या म्हणतील महाग पडलं. तुझ्या दादाला यात मधे घालू नकोस, तो दोन्हीकडे हो म्हणतो.

लग्न कधीचं ते तू सांगितलंच नाहीस. तुळशीच्या लग्नानंतरचं असेल तर हवा चांगली असते, फोम टेप, पीईटी, जे हवं ते वापर. एप्रिल-मेचं असेल तर ग्लू गन काढूच नकोस, ब्रॅड आणि शिवणीवर भागव. फोटो आले की मला गादीवरच्या त्या पसाऱ्याचा एक फोटो पाठव. पाठीची पट्टी मात्र मी येईपर्यंत चिकटवू नकोस.