जाळे आणि नियम

वऱ्हाड म्हटले की काळीभोर जमीन, कपाशीची पांढरी बोंडे आणि ज्वारीची उभी पिके डोळ्यांपुढे येतात. या कृषिप्रधान प्रदेशात मासे धरून उदरनिर्वाह करणारे लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बैतूल जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगांत उगम पावणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. पेढी, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा अशा कितीतरी लहान नद्या तिला आपले पाणी देतात. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. या नद्यांच्या काठी भोई व ढिवर समाजाची वस्ती आढळते. पाणी असेल तेव्हा मासे धरावे आणि उन्हाळ्यात नदी आटली की तिच्या वाळूत डांगर-टरबुजांच्या वाड्या लावाव्या, असा त्यांच्यापैकी अनेकांचा जुना क्रम आहे. जाळे आणि डोंगा हीच त्यांची शेती आणि हेच त्यांचे औत!

नदीतून मिळणाऱ्या मालात झिंग्याला चांगला भाव येतो. झिंग्याला आपण मासळीत मोजतो; परंतु तो मासा नव्हे. माशाला पाठीचा कणा असतो, झिंग्याला तो नसतो. त्याच्या अंगावर कठीण कवच असते आणि चालण्यासाठी पायांच्या पाच जोड्या असतात. खेकडा हा त्याचा जवळचा आप्त होय. शरीर वाढू लागले की जुने कवच अपुरे पडते; मग झिंगा ते टाकून देतो व नवे धारण करतो. नवे कवच कठीण होईपर्यंत तो अगदी दुबळा असतो. दिवसा तो दगडांच्या कपारीत किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला दडून राहतो आणि रात्री अन्न शोधण्यास बाहेर पडतो.

झिंग्याची मादी आपली अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या लहान पायांना ती चिकटवून घेते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांना सांभाळते. ते पाय हलवून ती अंड्यांना सतत ताजे पाणी पुरवीत असते. काही लहान जातींचे सारे आयुष्य गोड्या पाण्यातच जाते. गोदावरीच्या खोऱ्यातील एका मोठ्या जातीची गोष्ट निराळी आहे. या जातीचा पूर्ण वाढलेला नर वीतभर लांब होतो. पावसाळा आला की तिच्या माद्या अंडी घेऊन प्रवाहाबरोबर खाली, समुद्राच्या दिशेने जाऊ लागतात. कारण त्यांच्या सूक्ष्म पिल्लांना काही काळ किंचित खारे पाणी लागते. पिल्ले थोडी मोठी झाली की प्रवाहाच्या उलट पोहत पुन्हा नदीत वर येतात. बोटाच्या पेराएवढा जीव आणि केवढा हा प्रवास!

आता मासेमाराच्या जाळ्याकडे वळू. जाळ्याच्या एका घराला मत्स्यव्यवसायात ‘आस’ असे म्हणतात. आस मोठा असेल तर लहान जीव त्यातून निसटून जातात आणि मोठे तेवढे सापडतात. आस लहान असेल तर लहान-मोठे सारेच अडकते. म्हणून जाळ्याचा आस किती असावा, हा मासेमारीच्या नियमांतील पहिला प्रश्न ठरतो. रोहू किंवा कटला यांसारख्या मोठ्या माशांसाठी मोठ्या आसाचे जाळे पुरते. झिंग्याच्या बाबतीत मात्र अडचण उभी राहते. झिंगा मुळातच लहान. त्याला धरायचे तर जाळेही बारीक हवे. आणि जे जाळे झिंग्याला सोडत नाही, ते बोटभर लांबीच्या रोहूलाही सोडत नाही. शेरभर झिंगे हाती यावे आणि त्यांच्याबरोबर माशांची शेकडो पिल्ले मरावी, असा प्रकार घडू शकतो. पुढे शेरा-दोन शेरांचा झाला असता, तो मासा चिमूटभर वजनाचा असतानाच वाया जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. झिंग्यांच्या मासेमारीत केवळ आसाचा नियम करून भागत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या रीतीने धरावे, हेही ठरवावे लागते. बांबूच्या कामट्यांचा सापळा या दृष्टीने उपयोगी आहे. त्याचे तोंड आत निमुळते होत गेलेले असते. आत शिरलेल्या झिंग्याला पुन्हा बाट सापडत नाही, पण तो जिवंत राहतो. सकाळी सापळा उचलला की अंडी असलेली मादी आणि माशांची पिल्ले पाण्यात परत सोडता येतात.

भारतात असे नियम करण्याची आवश्यकता फार पूर्वीच दिसून आली. फ्रान्सिस डे हे मद्रासच्या लष्करातील डॉक्टर होते. पुढे ते माशांचे मोठे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांवरील त्यांचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. बारीक जाळी व प्रवाहात रोवलेले सापळे यांमुळे लहान मासळीचा कसा नाश होतो, याकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले. त्यानंतर १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम संमत झाला. या कायद्यात ‘मासा’ या शब्दाच्या अर्थात कवचधारी जलचरांचाही समावेश केलेला आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने झिंगा मासा नसला, तरी कायद्याचे संरक्षण त्याला मिळाले ते यामुळेच.

पाण्यात सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा या कायद्याने गुन्हा ठरला. त्यासाठी मूळ कायद्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली होती. जाळ्यांचे प्रकार व त्यांचे आस ठरविणे, प्रवाहात कायमचे रोवलेले सापळे व बांध यांवर निर्बंध घालणे आणि एखाद्या ठिकाणची मासेमारी जास्तीत जास्त दोन वर्षे बंद ठेवणे, असे अधिकारही सरकारला देण्यात आले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने राज्यातील मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांकडे सोपविला.

या नियमांमागे साधा विचार आहे. सुरुंग लहान-मोठा असा भेद करीत नाही. रानातल्या गेळाच्या फळांची पूड पाण्यात कालवून मासे गुंगविण्याची रीत जुनी आहे. शेतावर फवारण्याचे विष पाण्यात टाकणे हे तर त्याहून कितीतरी घातक. तेच पाणी खालच्या गावची गुरे पितात आणि माणसेही पितात. प्रवाहात आडवे रोवलेले सापळे हा तर गावागावांतील न्यायाचा प्रश्न आहे. समजा, नदीकाठी दोन गावे आहेत. पावसाळ्याच्या आरंभी खालच्या गावाने या काठापासून त्या काठापर्यंत सापळे रोवले, तर वर चढणारी पिल्ले वरच्या गावापर्यंत पोहोचणारच नाहीत. उलट वरच्या गावाने अंडी घेऊन खाली जाणाऱ्या माद्या अडविल्या, तर पुढल्या वर्षी दोन्ही गावांची जाळी रिकामी राहतील. नदी एकाच गावाची नसते; म्हणून तिच्यातील वाटा कोणी एकट्याने बंद करू नयेत.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका मादीपाशी हजार अंडी आहेत आणि त्यांतून शंभरात एक या प्रमाणात झिंगे वाढून मोठे होतात. म्हणजे आज सोडलेली एक मादी उद्याचे दहा झिंगे होत. आज ती विकली तर एका झिंग्याचे पैसे मिळतात, पण त्याबरोबर ते दहाही विकले जातात.

हा हिशेब मासेमाराला समजत नाही, असे मानणे चुकीचे आहे. नदीची ओळख त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास असणार? त्याची अडचण निराळी आहे. ज्या दिवसांत जाळे बंद ठेवावे असे शास्त्र सांगते, त्याच दिवसांत घरातले धान्य सरत आलेले असते व मुलांच्या शाळेचा खर्च पुढे उभा असतो. शिवाय आपण जाळे आवरले आणि शेजाऱ्याने टाकले, तर आपल्या संयमाचा उपयोग काय, असेही त्याला वाटते. ही शंका रास्त आहे. एकट्याने पाळलेला नियम तोट्याचा ठरतो. सर्वांनी पाळलेला नियमच फायद्याचा होतो. म्हणूनच मासेमारांच्या सहकारी संस्थांचे महत्त्व मोठे आहे. महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारीचे ठेके अशा संस्थांना दिले जातात. संस्थेचे सर्व सभासद मिळून जाळी कोणती वापरावी व कधी उचलावी हे ठरवू शकतात आणि एकमेकांवर लक्षही ठेवू शकतात. बंदीच्या दिवसांतील पोटाच्या प्रश्नाचाही विचार झाला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमाराने १५०० रुपये साठवावे, सरकारने त्यांत ३००० रुपये घालावे आणि ही रक्कम बंदीच्या तीन महिन्यांत त्याला मिळावी, अशी तरतूद करण्यात आली. एका कुटुंबाला तीन महिने पुरेल एवढी ही रक्कम नव्हे. पण नियम पाळणाऱ्याचा भार समाजानेही उचलावा, हे तत्त्व तिच्यात मान्य झाले.

दूरच्या देशांतही हाच प्रश्न उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्यात क्लॅरन्स, हंटर व हॉक्सबरी या नद्यांच्या मुखांशी झिंग्यांची धंदेवाईक मासेमारी चालते. तेथेही परवान्यावाचून जाळे टाकता येत नाही आणि जाळ्याचे माप, जागा व काळ ठरवून दिलेला असतो. देश निराळे, नद्या निराळ्या. पण पाण्यातील धन अमर्याद नाही, हे सत्य सर्वत्र सारखेच आहे.

तथापि, नदीच्या रक्षणाचा सगळा भार मासेमारावरच टाकणे न्याय्य होणार नाही. तापीवर गुजरातेत १९७२ साली उकाई धरण पुरे झाले. वर्धा नदीवर मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण उभे आहे. धरणांनी शेतीला व शहरांना पाणी दिले, परंतु नदीतून वर-खाली जाणाऱ्या जीवांच्या वाटाही अडविल्या. शहरांचे सांडपाणी नद्यांत येते, ते कोणा मासेमाराने सोडलेले नसते. अकोल्याची मोर्णा नदी अशीच घाण व जलपर्णी यांनी भरून गेली होती. २०१८ च्या जानेवारीत हजारो नागरिक व विद्यार्थी तिच्या पात्रात उतरले आणि त्यांनी आपल्या हातांनी जलपर्णी व कचरा बाहेर काढला. नदी सर्वांची आहे, हे त्या दिवशी अकोल्याने कृतीने दाखविले.

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचे धान्य शक्यतो दळत नाही. पेरणीचे दिवस येणार आहेत, हे त्याला ठाऊक असते. अंडी वाहणारी मादी व बोटभर पिल्लू हे नदीचे बियाणे होय. ते राखण्यासाठीच जाळ्याला नियम असतो.

शब्दार्थ
आस – जाळ्याचे एक घर, त्याचे माप
डोंगा – लहान नाव
आप्त – नातेवाईक
निर्बंध – बंधन, मर्यादा
रास्त – योग्य, न्यायाचे

स्वाध्याय
१. झिंगा हा मासा नव्हे, असे का म्हटले आहे?
२. झिंग्यांच्या मासेमारीत केवळ आसाचा नियम का पुरत नाही?
३. १८९७ च्या कायद्याने कोणत्या गोष्टींना मनाई केली?
४. ‘एकट्याने पाळलेला नियम तोट्याचा ठरतो, सर्वांनी पाळलेला नियमच फायद्याचा होतो.’ हे विधान शाळेतील किंवा गावातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : उदरनिर्वाह, आडोसा, संयम, तरतूद.
६. आपल्या गावाजवळील नदीत किंवा तळ्यात कोणते मासे मिळतात व ते कोणत्या साधनांनी धरतात, याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.