निरोगी जनावराचीही नोंद ठेवा



घाटावरची पुष्कळ मंडळी मुंबईत घोडपदेव, लालबागला राहतात. तेथून मलबार हिल फार लांब नाही. तिथल्या डुंगरवाडीत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत असे. १९९० नंतरच्या काळात ती गिधाडे दिसेनाशी झाली. आपल्या गावाबाहेर मेलेली जनावरे टाकतात त्या माळावरही तेच झाले. कोणी म्हणे साथ, कोणी म्हणे फवारणीचे विष.

उलगडा २००४ साली झाला. पाकिस्तानात संशोधकांनी मेलेल्या गिधाडांचे दोन गट केले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ आणि इतर कारणांनी मेलेली १३. पहिल्या गटात २५ च्या २५ गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडले. दुसऱ्या गटात एकातही नाही. सूज-तापावर आपण बैलाला टोचून घेत होतो तेच हे औषध! ते टोचलेले जनावर मेले की मांसातून गिधाडाच्या पोटात जाई.

यातले मर्म त्या १३ गिधाडांत आहे. ती तपासली नसती, तर औषध सगळ्याच गिधाडांत असेल, असे कोणीही म्हटले असते. रोगी व बिनरोगी यांची अशी तुलना करणे, यालाच केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात.

आता गोठ्यातले उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. गावात कासदाह झालेल्या २० गाई आहेत. पैकी १२ ओल्या गोठ्यातल्या, ८ कोरड्या. त्याच गावातल्या ४० निरोगी गाई घेतल्या. त्यांत १० ओल्या गोठ्यातल्या, ३० कोरड्या. १२ ला ८ ने भागले की दीड. १० ला ३० ने भागले की एक तृतीयांश. दीड हा एक तृतीयांशाच्या साडेचार पट. या ४.५ ला ऑड्स रेशो म्हणतात. तो १ च्या आसपास आला तर संबंध दिसत नाही. १ हून जितका मोठा, तितका संबंध दाट. मात्र जनावरे मोजकीच असतील तर योगायोगानेही आकडा फुगतो.

संबंध म्हणजे कारण नव्हे, हेही ध्यानात ठेवा. समजा, जास्त दुधाच्या गाईच ओल्या गोठ्यात आहेत. मग दोष ओलीचा की दुधाचा? म्हणून जास्त दुधाच्या गाईची तुलना तशाच गाईशी करावी. गिधाडांच्या बाबतीतही संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घातले, तेव्हा तोच रोग झाला. २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी हे औषध बनविण्यास बंदी आली. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम त्याऐवजी वापरता येते.

आपण काय करावे? गाय आजारी पडली की चारा, पाणी, गोठा, औषध आपण आठवून सांगतो. शेजारच्या धडधाकट गाईचे कोणी विचारीत नाही. ते वहीत आजच लिहून ठेवा, कारण आजारानंतरची आठवण दगा देते. डॉक्टर आले की दोन्ही पाने पुढे करा.